बशीएवढा खळगा

३ जून

हो वन्सं, तिथंच. तुमच्या लेकानं सांगितलं ते खरं आहे. ज्यांनी तुमच्या भावाच्या काळजाचा तुकडा नेला, त्यांच्याच प्रयोगशाळेत मी परवापासून बाटल्या धुवायला लागलेय. पत्र फेकायचं असेल तर फेका, पण पुरतं वाचून फेका. फेकलेलं पत्र तुम्ही नंतर उचलून चष्मा लावून वाचता, हेही तुमच्या लेकानंच सांगितलंय. त्याच्या पोटात काही राहत नाही, आईवर गेलाय.

पाच वर्षं झाली, तुम्ही माझ्या दारात पाऊल टाकलं नाही. तुमचं म्हणणं मला पाठ आहे. ऑपरेशनच्या टेबलावर हे गेले, आणि मी आल्यागेल्याला सांगितलं की दवाखान्यानं न विचारता यांच्या काळजाचा तुकडा कापून प्रयोगाला नेला, म्हणूनच गेले. तुम्ही सगळ्यांसमोर विचारलंत, कागदावर सही कुणाची? मी म्हटलं, मला कागद दाखवलाच नाही. कापलं यावर तुमचा विश्वास बसला, सही नाही यावर बसला नाही. तुमचं नेहमीचंच, ताटातलं अर्धं घ्यायचं आणि अर्ध्याला नावं ठेवायची.

पण आता गोष्ट वेगळी आहे. तुमच्याच हृदयाची झडप बदलायची आहे, वीस ऑगस्ट तारीख मिळालीय, आणि तुम्ही म्हणता, भावाचं झालं ते मला नको. म्हणजे बोलले मी आणि मरणार तुम्ही. मग मी भांडायचं कुणाशी?

म्हणून आत शिरलेय. दवाखान्याच्या उपाहारगृहात भांडी घासत होते, अंगणापलीकडच्या या इमारतीत बाटल्या धुणारी हवी आहे असं कळलं आणि अर्ज टाकला. मी कुणाची कोण, हे इथं कुणाला माहीत नाही. चोर असतील तर चोर म्हणून कळवते, तुम्ही घरीच बसा. नसतील तर तसं कळवते. तोवर डॉक्टरला 'नाही' म्हणू नका, 'बघू' म्हणा. 'बघू' म्हणण्यात तुमच्या माहेरची माणसं हुशार.

पहिल्या दिवशीच एक गोष्ट खटकली. इथं काचेला साबण लावायचा नाही. थेंबभरसुद्धा नाही. फक्त गाळीव पाण्यानं दहा दहा वेळा विसळायचं. साबणाला भिणारी जागा मी आयुष्यात पहिल्यांदा पाहिली. पाणी कुठंतरी मुरतंय.

११ जून

तुमचं उत्तर मिळालं. चार ओळी, त्यातल्या तीन शिव्या. चौथीत पुन्हा तेच, सही कुणाची. माझी नाही. एकदा सांगितलंय.

आता इथलं ऐका. इथली मुख्य बाई चाळिशीची, किडकिडीत, केस पेन्सिलनं बांधलेले. मी तिला सुईबाई म्हणते, मनात. सकाळी दहाच्या सुमाराला ऑपरेशनच्या खोलीतून एक माणूस थर्मास घेऊन येतो. तोही पक्का आहे, थर्मास असा छातीशी धरतो जसा काही आत त्याचा मुलगा झोपलाय. आत थंड पाणी, आणि पाण्यात तुकडा. किती मोठा म्हणाल, तर तुमच्या करंगळीच्या नखाएवढा. मी बघितला. मटणाच्या दुकानात ज्याला कुणी विचारणार नाही असा.

सुईबाई त्याचे बारीक बारीक तुकडे करते आणि कोमट पाण्यात कसलंसं पाचक घालून हलवत ठेवते, आपण ताक हलवतो तसं. तासाभरात मांस सुटं होतं. मग ती एका अंधाऱ्या खोलीत जाते. तिथं तारेच्या जाळीचं खुराडं आहे, अगदी कोंबड्यांचं असतं तसं, आणि आत बारीक वस्तू मोठी दाखवणारी दुर्बीण. खुराडं ज्या टेबलावर आहे ते टेबल हवेवर तरंगतं. ती आत असली की चालायचं नाही, दार लावायचं नाही, शिंकायचं नाही. मी एकदा शिंकले तर आतून आवाज आला, "मावशी, माझी पेशी गेली तुमच्या शिंकेनं." मी म्हटलं, "बाई, माझ्या शिंकेनं आमचे हे तीस वर्षं दचकत होते, पण कधी गेले नाहीत." ती हसली. हसणाऱ्या माणसावर मी लगेच विश्वास ठेवत नाही, मी स्वतः हसते ना.

आणि मुख्य गोष्ट. दाराच्या फटीतून पाहिलं. ती तोंडात एक नळी धरते आणि हळूच चोखते. नळीच्या दुसऱ्या टोकाला काचेची सुई, आणि सुईचं टोक माणसाच्या काळजाला. मी पाहिलं वन्सं, या डोळ्यांनी. घरी आले तर भाकरी गिळेना.

जेवणावरून आठवलं. शेवटच्या वर्षी तुमच्या भावाचं जेवण निम्मं झालं होतं, तेव्हा तुम्ही गावभर सांगितलंत की बायको उपाशी ठेवते. मी म्हणत होते, डॉक्टरनं सांगितलंय. तेही तुम्ही मानलं नाहीत. ते आता उगाच आठवलं, सोडा.

२६ जून

एक खोडी केलीय. तुमच्याशिवाय सांगणार कुणाला.

साबण लावला.

मुद्दाम नाही. बरं, थोडं मुद्दाम. ते पेले बघवेनात. कितीही विसळले तरी मला त्यांचा वास यायचा, दुसऱ्या कुणाला येत नव्हता. घरून साबणाची वडी नेली, पदराखाली. सगळे चकचकीत घासले. नंतर भरपूर विसळले, मी काय अडाणी आहे? म्हटलं, यांचं काय बिघडतंय ते तरी कळेल. साबणानं बिघडतं ते काम सरळ नसणार.

आणि बिघडलं. त्या दिवसापासून सुईबाईच्या सगळ्या पेशी मरायला लागल्या. एक नाही, दोन नाही, चार थर्मास वाया गेले. तिनं पाणी बदललं, पाचकाची बाटली बदलली, मीठ बदललं. मग माणसांवर संशय घ्यायला लागली. थर्मासवाल्याला विचारलं, वाटेत चहाला थांबलास का. तो म्हणाला, "चहा पितो, पण थर्मास नाही विसरत." वजनकाटा तपासायला माणूस आला. दोन दिवस सगळे एकमेकांकडे असे बघत होते जसं काही घरातून दागिना गेलाय. आणि मी मध्ये उभी, हातात फडकं, चेहरा देवमाणसाचा.

मजा वाटली, खोटं कशाला बोलू. म्हटलं, बघा, संशय कसा लागतो तो. पाच वर्षं माझ्या वन्संनी माझ्याकडे असंच बघितलंय.

पण परवा सुईबाई जेवायच्या वेळी एकटीच पायरीवर बसली होती. डबा उघडलाच नव्हता. मी विचारलं, काय झालं. म्हणाली, "चार माणसांनी विश्वासानं दिलं होतं मावशी, आणि माझ्या हातून चारही वाया गेलं." मी तिच्या डब्याचं झाकण उघडून दिलं आणि आत आले.

९ जुलै

पकडले गेले. तुम्हाला आनंद होईल, म्हणून आधी हेच लिहिते.

सुईबाईनं फळीवरचा एक कोरडा पेला घेतला, त्यात गाळीव पाणी ओतलं, हातानं झाकला आणि जोरात हलवला. उजेडात धरला. वर बारीक फेस. एवढासा, लहान मूल दूध पिऊन उठल्यावर ओठावर राहतो तेवढा. तिनं पेला माझ्यापुढे धरला.

मी म्हटलं, "साबण."

"का?"

"वास यायचा."

"कसला?"

तिथं माझी जीभ अडली. माझी, वन्सं. मी म्हटलं, "माझ्या माणसाचा तुकडा इथं आला होता. पाच वर्षांपूर्वी."

वाटलं आता हाकलते. तिनं खुर्ची ओढली, दुर्बिणीपुढे ठेवली आणि म्हणाली, बसा. मी आत खुराड्यात डोकं घातलं. साबण लावलेल्या पेल्यातल्या पेशी आधी दाखवल्या. गोल गोल गोळे, साबुदाणा भिजवल्यासारखे. "हे मेलेले." मग दुसऱ्या, नुसत्या पाण्यानं धुतलेल्या पेल्यातल्या. काड्या होत्या काड्या. लांबट, अंगावर आडव्या रेघा, कापडावर विणकर घालतो तशा सारख्या. "ह्या जिवंत. सात-आठ तास राहतात."

मग मी नळीचं विचारलं. "तुम्ही चोखता ते काय?" ती इतकी हसली की पेन्सिल केसांतून खाली पडली. म्हणाली, सुईचं टोक पेशीला टेकवलं की थोडी हवा ओढायची, म्हणजे पेशीचं कातडं टोकाला घट्ट चिकटतं, थेंबही गळत नाही. मग त्यातून वीज मोजायची. प्रत्येक ठोक्याला पेशीच्या कातड्यातून वीज आत-बाहेर जाते. ती किती, कधी, हे पडद्यावर उमटतं. "तोंडात काही येत नाही मावशी, फक्त हवा." म्हटलं, बरं झालं, मला भाकरी गोड लागेल आता.

पण तुम्ही समजू नका की मी लगेच पाघळले. तुकडा मुळात कापतातच का, हे तिला विचारलं. ती म्हणाली, ऑपरेशनच्या वेळी रक्त यंत्रातून फिरवायला हृदयाच्या एका कोपऱ्यात नळी घालावी लागते, तेव्हा तो कोपरा कापावाच लागतो. पूर्वी कचऱ्यात जायचा. मी म्हटलं, हो हो. मनात म्हटलं, चोर असंच सांगणार.

म्हणून मी माझ्या परीनं त्यांची परीक्षा घेतली. सोमवारी एका पेशंटनं तुकडा द्यायच्या कागदावर सही नाकारली, तेव्हा थर्मास रिकामा आला. मी थर्मासवाल्याला जिन्यात गाठलं. "काय रे, आज कापलंच नाही का?"

"कापलं की."

"मग कुठंय?"

"बादलीत. सही नाही तर द्यायचं नाही. पण कापलं नाही तर नळी कुठून घालणार, मावशी, कानातून?"

"शपथ?"

"तुम्ही स्वतः बघा." आणि त्यानं खरंच मला मागच्या दारी नेऊन बादलीतली पिवळी पिशवी दाखवली. सगळं नाही बघितलं. पुरेसं बघितलं.

तेव्हा लिहून घ्या. सही असो नसो, कोपरा कापतातच. प्रयोगशाळेसाठी म्हणून कुणी जास्तीचं कापत नाही. तुकड्यानं कुणी मरत नाही. हे मी सांगतेय, जिनं उलट सांगितलं होतं तीच.

२३ जुलै

तुमचा लेक येऊन गेला. म्हणाला, आई अजून 'बघू'वर आहे. आणि तुम्ही त्याच्याकरवी विचारलंत, भावाचं ऑपरेशन झालं त्या दिवसाचं काही लिहून ठेवलंय का तिथं. वन्सं, तुम्ही पोलिसात असायला हव्या होतात.

लिहून ठेवलंय. मी सुईबाईला विचारलं, तर म्हणाली, "नाव आमच्याकडे येत नाही, सांगताही येणार नाही." मी म्हटलं, "नाव कुठं विचारतेय, तारीख सांगते." ती हात पुसत उठली. मग जुनी वही काढली. बोट खाली नेत नेत एका ओळीवर थांबली. पुरुष, अठ्ठावन्न. थर्मास आला सकाळी नऊ चाळीसला. त्या तारखेला एकच ओळ होती.

खाली पेशींची नोंद. नऊ पेशी मोजलेल्या. शेवटची संध्याकाळी पाच वाजून दहा मिनिटांनी.

आपल्याला बाहेर येऊन सांगितलं तेव्हा किती वाजले होते? दोन. भिंतीवरचं घड्याळ तुमच्या डोक्यावर होतं, म्हणून मला पक्कं आठवतं. तुम्ही खाली बसलात, मी उभीच. दोन वाजता हे गेले आणि पाच वाजून दहा मिनिटांनी इथं, अंगणापलीकडे, त्यांची एक पेशी सुईच्या टोकाला वीज देत होती. आपण दोघी तेव्हा सहीवरून भांडत होतो.

मला हसू आलं. खरंच आलं. तुमचा भाऊ कुठूनही वेळेवर निघाला आहे का कधी? येतो येतो म्हणून उठायचं, चपला घालायच्या, आणि मग दारात उभं राहून तासभर गप्पा. मी पिशवी हातात धरून ताटकळायची. तिथंही तेच केलं. तीन तास दहा मिनिटं दारात.

सुईबाईनं पडद्यावर ती नोंद काढून दाखवली. एक सरळ रेघ जाते, एकदम खाली खळगा पडतो, पुन्हा हळूहळू वर येते. तो खळगा म्हणजे वीज आत गेली. तेवढंच. मी पडद्याला हात लावायला गेले तर तिनं अडवलं नाही. त्या खळग्याबद्दल तिनं आणखी एक सांगितलं, ते पुढे कधीतरी.

आणि आता सही. माझीच आहे.

आधी ह्यांनी केली, खाली घरचं माणूस म्हणून मी. आदल्या दिवशी, वॉर्डात. डॉक्टरीणबाईनं सगळं समजावून सांगितलं होतं. मी सातवी शिकलेय, वाचता येतं मला. ह्यांनी तर तिला म्हटलं, "बायकोनं खाऊन काही उरलं असेल तर न्या." ती बिचारी लाजली. कुणी फसवलं नाही, कुणी जबरदस्ती केली नाही. तुम्ही पाच वर्षं बरोबर होतात. घ्या. चौकटीत लावून भिंतीवर टांगा.

१२ ऑगस्ट

तुमचं पत्र आलं. या वेळी शिव्या नाहीत. त्याचीच भीती वाटली.

तुम्ही लिहिता, तुकड्यानं मेला नाही, तर माझा भाऊ मेला कशानं? तुला सही लपवायला एवढं कुभांड कशाला रचावं लागलं? सही तर त्यानंही केली होती, त्यात लाजण्यासारखं काय होतं? तू दुसरंच काहीतरी झाकतेयस. ते सांग, मग मी वीस तारखेचं ठरवते.

मी सांगितलं ना, तुम्ही पोलिसात हव्या होतात.

चार दिवस कागद पुढे घेऊन बसतेय. आधी बाकीचं सांगते. वीस तारखेला सकाळी सहाला मी तुमच्या दारात गाडी घेऊन उभी असेन. दार उघडू नका वाटलं तर, पण पिशवी घेऊन बाहेर या. कागद पुढे आला की स्वतः वाचा, मग सही करा किंवा करू नका, तुकडा कुठं जातो ते तुम्हाला आता माझ्याइतकंच माहीत आहे. केलीत, तर त्या दिवशीचे पेले मी धुणार आहे. दहाच्या ऐवजी वीस वेळा. साबण नाही.

आता ते खळग्याचं. सुईबाई म्हणाली होती, निरोगी हृदयाच्या पेशीत हा खळगा खोल असतो. शेजारी दुसऱ्या कुणाची नोंद काढून दाखवली, परातीएवढा होता. ह्यांचा बशीएवढा. मी विचारलं, असं का? म्हणाली, "एका पेशीवरून बोलू नये, पण नऊ मोजल्या आणि नऊही अशाच. बऱ्याच महिन्यांचं दुखणं सोसलेलं हृदय असावं. लवकर आणलं असतं तर, असं मी म्हणणार नाही मावशी, मला माहीत नाही." तिनं म्हटलं नाही. माझ्या कानात वाजलं.

वन्सं, मी ह्यांना 'दुसरा मजला' म्हणायचे, आठवतं? आमचं घर तिसऱ्यावर, आणि हे दुसऱ्याच्या पायरीवर बसायचे, छातीवर हात ठेवून. मी वरून ओरडायचे, दुसरा मजला आला का, उतरणार का पुढं जाणार? अख्खा जिना हसायचा. तुम्हीही हसलात एकदा. तुमचा दोष नाही, तुम्हाला माहीत नव्हतं. मला होतं.

त्यांना कोपऱ्यावरच्या डॉक्टरकडे मीच नेलं होतं. तपासून झाल्यावर हे बाहेर जाऊन चपला घालत होते, तेव्हा डॉक्टरनं मला एकटीला थांबवलं. बाहेर आले तर ह्यांनी विचारलं, काय म्हणाला? चेहरा असा, परीक्षेत नापास झालेल्या पोरासारखा. मी म्हटलं, "पोट सुटलंय म्हणाला. निम्मं जेवा." नुसती चेष्टा. घरी जाऊन खरं सांगणार होते. पण हे इतके खूश झाले, की त्या दिवशी तिन्ही मजले न थांबता चढले आणि रात्री खरंच निम्मं ताट बाजूला सारलं. म्हटलं, आजचा दिवस हसू दे, उद्या सांगू. दुसऱ्या दिवशी पुन्हा उद्या. मग सांगायचं म्हटलं की आधी कबूल करावं लागणार, की मी काल खोटं बोलले, परवा खोटं बोलले, महिनाभर खोटं बोलले. म्हणून आणखी चेष्टा करायची. शेवटी ते जिन्यातच पडले, तेव्हा नेलं.

डॉक्टर म्हणाला होता, आठ दिवसांत मोठ्या दवाखान्यात न्या, नाहीतर हातचे जातील. मी आठ महिन्यांनी नेलं. आणि तुमचा भाऊ शेवटपर्यंत निम्मं जेवत राहिला, कारण डॉक्टर खरं काय म्हणाला ते मी त्याला सांगितलंच नाही.